कवळीवरचा थर कुठे टिकला, कुठे सुटला

रुग्ण ७१ वर्षांचे, निवृत्त शिक्षक, इंदूरच्या रामबाग भागात राहणारे. वर-खाली पूर्ण कवळी, साधारण सात वर्षं जुनी. मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. ओळख पटू नये म्हणून एक-दोन तपशील बदलले आहेत. कवळीचा आणि तोंडाचा भाग जसा होता तसाच लिहिला आहे.

तक्रारी दोन होत्या. वरच्या कवळीचा पापुद्रा निघत होता आणि टाळूला जळजळ होत होती. घरच्यांनी दोन्हींची सांगड घालून निदानही करून आणलं होतं. काका खुर्चीत बसायच्या आतच सूनबाई म्हणाल्या, "डॉक्टर, त्या कोटिंगचं केमिकल बाबांना बाधलंय. आधी ते काढा."

कोटिंगची हकीकत अशी. काही महिन्यांपूर्वी वरची कवळी बेसिनमध्ये पडून मधोमध तुटली. काकांनी ती दवाखान्यात न आणता थेट एका लॅबमध्ये नेली. तिथे त्याच दिवशी जोडून मिळाली आणि वर, थोडे जास्त पैसे घेऊन, पारदर्शक कोटिंगही करून मिळालं. नव्यासारखी चमक येईल, डाग धरणार नाही, असं सांगण्यात आलं होतं. चमक आली, काका खूश झाले. दीड-दोन महिन्यांत गालाकडच्या कडेला पिवळट डाग दिसू लागला, मग तिथली कड जिभेला लागू लागली, आणि एकदा का जिभेला काही लागलं की ती दिवसभर तिथेच जाते.

पुढचं समजायला थोडी सामग्रीची माहिती लागेल. कवळीचा गुलाबी भाग म्हणजे पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट, बोलीत ॲक्रिलिक. १९३७ च्या सुमारास ते कवळीसाठी वापरात आलं आणि त्याआधीचं रबराचं व्हल्कनाइट हळूहळू मागे पडलं. स्वस्त, हलकं, हिरडीच्या रंगाचं, दुरुस्तीला सोपं. पण मऊ. त्याची नूप कठिणता (टोक दाबून मोजलेला कठीणपणा) १८ ते २० च्या आसपास, तर दाताच्या एनॅमलची ३०० च्या वर. म्हणजे जी पूड दाताला फारसं काही करत नाही ती ॲक्रिलिकवर सहज ओरखडे काढते. शिवाय ते पाणी शोषतं, आणि पाण्याबरोबर रंगही आत शिरतात. पृष्ठभागाच्या खडबडीतपणासाठी दंतशास्त्रात ०.२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) हा आकडा धरला जातो. त्याहून गुळगुळीत केल्याने जंतू चिकटण्यात आणखी फार फरक पडत नाही. त्याच्या वर गेलं की थर साचायला जागा मिळते. प्यूमिस या सच्छिद्र दगडाची ओली पूड, कापडी चाक आणि शेवटी पांढरी पॉलिश पावडर, इतक्यावर चांगला टेक्निशियन या आकड्याच्या जवळ पोचतो.

कोटिंग हा दुसरा रस्ता. मेथाक्रिलेटचंच पातळ रेझिन, काहींत सिलिकाचे अतिसूक्ष्म कण, ब्रशने लावायचं आणि प्रकाशाखाली पक्कं करायचं. थर काही डझन मायक्रॉनचा. नीट बसला तर पृष्ठभाग खरोखर काचेसारखा होतो, डाग कमी धरतो, आणि प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत कँडिडा बुरशीही अशा थरांवर कमी चिकटलेली दिसते. हे सगळं "नीट बसला तर" या अटीवर.

एकाच कवळीवर तीन चेहरे

कवळी धुऊन, हवेने पूर्ण सुकवून भिंगाखाली धरली. ओल्या कवळीवर हे काहीच दिसत नाही, पाणी सगळे दोष झाकतं. सुकल्यावर तीन वेगवेगळे भाग स्पष्ट झाले.

मधोमध, जिथे कवळी जोडली होती, तिथे टाळूवर बोटाच्या रुंदीची एक पट्टी थोड्या फिकट गुलाबी रंगाची होती. तिच्यावरचा थर शाबूत होता. प्रोबच्या (बारीक टोकदार हत्याराच्या) टोकाने कड शोधूनही सापडेना.

त्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना, टाळूच्या जिभेकडच्या भागावर थर होता पण निस्तेज. पुढून मागे जाणारे बारीक, समांतर ओरखडे, आणि जागोजागी थर संपून खालचं ॲक्रिलिक उघडं पडलेलं. इथे कुठेही पापुद्रा नव्हता. झिजला होता, सुटला नव्हता.

गालाकडच्या भिंतीवर, डाव्या बाजूला जास्त, प्रकार अगदी निराळा. थर अजून चकचकीत, ओरखडे जवळजवळ नाहीत, पण कड उचललेली. प्रोब आत सरकवला तर नखाएवढा तुकडा अखंड निघून आला. खालचं ॲक्रिलिक गुळगुळीत, जुन्या पॉलिशचं, आणि थर व ॲक्रिलिक यांच्या मधल्या फटीत पिवळा-तपकिरी रंग भरलेला. काकांना सकाळी पोह्यांवर भरपूर जीरावन (इंदुरी मसाल्याची पूड) लागतं, थंडीत सराफा बाजारातला गराडू (तळलेला कंद) चुकत नाही, आणि जेवणानंतर सुपारीचं खांड. हळदीतला कर्क्युमिन ॲक्रिलिकला तसाही आवडतो. इथे तर त्याला झाकण असलेली जागा मिळाली होती.

माझ्या मते या प्रकरणाचा सगळा बोध या तीन जागांत आहे. रेझिन तेच, ब्रश तोच, हात तोच, दिवस तोच. मग तीन निकाल का?

जोडलेल्या पट्टीपासून सुरुवात करू. तुटलेली कवळी जोडताना दोन्ही कडा घासून मधे फट ठेवतात आणि त्या फटीत सेल्फ क्युअर, म्हणजे उष्णतेशिवाय आपोआप पक्कं होणारं, ॲक्रिलिक भरतात. हे उष्णतेवर पक्क्या होणाऱ्या ॲक्रिलिकपेक्षा कमजोर, जास्त सच्छिद्र, आणि त्यात न जुळलेला मोनोमर (ज्याचे रेणू जुळून ॲक्रिलिक बनतं तो द्रव) जास्त उरतो. आंतरराष्ट्रीय मानकातली मर्यादाच हे सांगते: उष्णतेवरच्या प्रकाराला २.२ टक्के, सेल्फ क्युअरला ४.५ टक्के. डाग धरण्यात ही पट्टी सगळ्यांत पुढे असायला हवी होती. पण थर तिथेच टिकला, कारण तो पृष्ठभाग नुकताच सँडपेपरने घासलेला, कोरडा आणि ताज्या मोनोमरचा होता. वरचं रेझिन त्यात थोडं विरघळून, मुरून बसलं.

आजूबाजूचा कवळीचा टाळूकडचा भाग टेक्निशियनने पट्टी सपाट करताना ओघात घासला असणार. तिथे पकड बसली, पण पुढे काकांच्या साफसफाईच्या ब्रशने थर झिजवला. गालाकडची भिंत त्याने घासलीच नाही, तिला दुरुस्तीशी काही देणंघेणं नव्हतं. सात वर्षांचं पाणी शोषलेलं, पॉलिशच्या मेणकट वडीचा अंश राहिलेलं गुळगुळीत ॲक्रिलिक, आणि त्यावर सरळ कोटिंग. तेलकट भिंतीवर डिस्टेंपर मारल्यावर जे होतं तेच झालं.

खात्री करायला लॅबमध्ये फोन केला. टेक्निशियन मोकळेपणाने बोलला, त्याबद्दल त्याचं कौतुक आहे.

"मोनोमर लावून घेतला होता का, कोटिंगच्या आधी?"

"जोडावर तर मोनोमर होताच की साहेब. बाकी ठिकाणी पॉलिश करून पुसलं आणि लावलं."

"आणि लाइट?"

"आमच्याकडे पेटी नाहीये. डेंटिस्टवाली गन आहे, तीच फिरवली."

त्या गनमध्ये आणखी एक घोळ दडलेला असतो. दवाखान्यातल्या बऱ्याच एलईडी गन ४५० ते ४७० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाच्या असतात, दातात भरायच्या कंपोझिटमधल्या कॅम्फरक्विनोनला (प्रकाश पडला की रेझिन पक्कं व्हायला सुरुवात करून देणाऱ्या रसायनाला) जुळणाऱ्या. कॅम्फरक्विनोन स्वतः पिवळं असतं, म्हणून पारदर्शक कोटिंगमध्ये बहुधा दुसरे प्रकाश-आरंभक घालतात आणि त्यांना ४०० नॅनोमीटरच्या आसपासचा, जांभळ्याकडचा प्रकाश लागतो. लॅबच्या पेटीत दोन्ही मिळतात. साध्या गनने वरून कडक लागणारा पण आत अर्धवट राहिलेला थर तयार होतो. तो लवकर पिवळा पडतो आणि लवकर झिजतो. हवेतला ऑक्सिजनही सर्वांत वरच्या थराला पूर्ण जुळू देत नाही. म्हणून कुठलं कोटिंग कुठल्या दिव्याखाली, किती वेळ, हे त्या त्या पत्रकात पाहूनच ठरवावं लागतं. अंदाजाने गन फिरवून चालत नाही.

टाळूची लाली

आता सूनबाईंचा आरोप. ॲक्रिलिकमधल्या मोनोमरने तोंड जळजळणं, क्वचित खरी ॲलर्जी होणं, हे घडतं. त्यामुळे शंका हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. पण कोटिंग कवळीच्या बाहेरच्या बाजूला होतं, जी गालाला आणि जिभेला लागते. गाल आणि जीभ दोन्ही निरोगी गुलाबी. लाली होती ती टाळूवर, कवळीच्या बरोबर कडेपर्यंत, आखून दिल्यासारखी; आणि टाळूला लागणाऱ्या आतल्या बाजूवर कोटिंगचा थेंबही नव्हता. शिवाय त्रास कोटिंगनंतर लगेच सुरू झाला नव्हता. खोदून विचारल्यावर काका म्हणाले, "जळजळ तशी आधीपासूनच होती हो थोडी. तिखट खाल्लं की." सूनबाईंनी त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ते इथे लिहीत नाही.

हा डेंचर स्टोमाटायटिस, म्हणजे कवळीखालच्या तोंडाचा दाह, न्यूटनच्या वर्गीकरणात दुसरा प्रकार: कवळीखालच्या सगळ्या भागावर पसरलेली सपाट लाली. प्लाक दाखवणारा लाल रंग कवळीला लावून धुतला तर आतली बाजू, विशेषतः टाळूच्या पुढच्या वळ्यांना लागणारा भाग, गडद लाल राहिली. आतल्या बाजूवरून आणि टाळूवरून घेतलेल्या नमुन्यांपैकी कवळीच्या नमुन्यात बुरशीचे तंतू भरपूर दिसले, टाळूच्या नमुन्यात थोडे. हे नेहमीचंच आहे. बुरशीचं घर कवळीत असतं, टाळू तिचा शेजारी.

कारणं शोधायला लांब जावं लागलं नाही. काका कवळी रात्रीही घालून झोपत. साफसफाई कडक ब्रश आणि लाल दंतमंजनाने, तीही बाहेरच्याच बाजूची, "दिसतं तेवढं". मंजनातल्या गेरूने कवळीच्या टाळूकडच्या भागावरचे ते समांतर ओरखडे काढले होते. आतल्या बाजूला ब्रश फारसा पोचतच नव्हता. त्यात मधुमेह.

कवळीची आतली बाजू पॉलिश करत नाहीत, कारण घासली तर माप बिघडतं, पकड जाते. म्हणजे जिथे बुरशी राहते ती बाजू मुळातच खडबडीत, आणि कोटिंग मात्र जिथे साध्या पॉलिशने भागलं असतं तिथे. मग आतूनच कोटिंग का करू नये, असा प्रश्न कुणीही विचारेल. त्यावर संशोधन चालू आहे. पेशींच्या आवरणातल्या फॉस्फोरिलकोलिनसारखी रचना असलेले, पाणी धरून ठेवणारे आणि बुरशीला थारा न देणारे थर ॲक्रिलिकवर बसवून पाहिले गेले आहेत. पण बाजारातलं चमकवायचं कोटिंग ही वेगळी वस्तू आहे. माझ्याकडे आहे त्याच्या पत्रकात ते फक्त बाहेरच्या बाजूला लावायला सांगितलं आहे, आणि वळ्यांमध्ये किंवा मागच्या सीलच्या (कवळीची मागची कड टाळूला घट्ट बसवणाऱ्या) खाचेत ते साचून माप बदलण्याची भीती असतेच. मी आत लावत नाही.

उपाय

आधी टाळू. रात्री कवळी बाहेर, पाण्यात. मंजन बंद; मऊ ब्रश आणि भांडी धुवायचा सौम्य लिक्विड साबण, आतून बाहेरून, खाली बेसिनमध्ये पाणी भरून किंवा टॉवेल अंथरून, म्हणजे हातातून सुटली तरी फुटणार नाही. या कवळीत धातू नव्हता, म्हणून ०.५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटमध्ये रोज १० मिनिटं, त्याहून जास्त नाही, आणि मग खळखळून धुणे. धातूची तार किंवा पट्टी असलेल्या कवळीला हे चालत नाही, गंज धरतो. उकळत्या पाण्याला सगळ्यांनाच मनाई, वाकते. टाळूला आणि कवळीच्या आत लावायला क्लोट्रिमाझोल या बुरशीनाशकाचं माउथ पेंट दिलं, आणि साखरेसाठी त्यांच्या फिजिशियनला चिठ्ठी. पंधरा दिवसांनी लाली बरीच ओसरली होती. कोटिंगचे अवशेष तेव्हा कवळीवरच होते. मी मुद्दामच काढले नव्हते. सूनबाईंना ते दाखवलं, त्यावर वाद संपला.

मग अवशेष काढले. हे काम रसायनाने करू नये. ॲसिटोन किंवा क्लोरोफॉर्म थर काढेल, पण खालच्या ॲक्रिलिकलाही केसासारख्या भेगा पाडेल. बारीक सँडपेपर, रबराचं चाक, मग कमी वेगावर ओलं प्यूमिस. दातांवर चिकटपट्टी लावून घ्यायची, कारण ॲक्रिलिकचे दातही त्याच प्यूमिसने झिजतात. कोरडं चाक वेगात दाबलं की उष्णतेने कवळी वाकायची पाळी येते, म्हणून हात हलका. जोडाच्या पट्टीवरचा थर पक्का होता, तो तसाच ठेवला. खालचं सच्छिद्र सेल्फ क्युअर झाकायला तो उपयोगीच होता.

कवळी मुळात का तुटली, हा प्रश्न अजून उरलाच होता. काका म्हणत, पडली म्हणून. आत दाब दाखवणारी पेस्ट लावून बसवली तर टाळूच्या मधोमध ती पूर्ण पुसली गेली आणि दोन्ही हिरड्यांवर जवळजवळ तशीच राहिली. सात वर्षांत हिरड्यांचं हाड झिजलं होतं, टाळूचं मधलं हाड तेवढंच राहिलं होतं, आणि कवळी त्या कण्यावर डोलत होती. प्रत्येक घासाला मधे वाकणं. तडा बहुधा आधीच गेलेला असावा, बेसिनने शेवटचं काम केलं. अशी कवळी जोडून चमकवली तरी मूळ दुखणं तिथेच राहतं. मला लॅबच्या कोटिंगबद्दल फारशी तक्रार नाही. पण ते करून दिल्यामुळे काकांना कवळी नवी झाल्यासारखी वाटली आणि दवाखान्यात यायला त्यांनी काही महिने लावले, हे मला खटकतं.

टाळू पूर्ण बरा झाल्यावर नवीन जोडी करायचं ठरलं. टाळूच्या मधल्या भागावर सवलत, म्हणजे दाब पडू नये म्हणून आतून थोडी मोकळी जागा, ठेवली. उष्णतेवरचं ॲक्रिलिक, ७४ अंशांवर लांब वेळ. घाईत उकळलं तर १०० अंशांच्या जवळ मोनोमरच उकळून आत बुडबुडे राहतात, आणि असल्या छिद्रांवर कुठलंही कोटिंग ही मलमपट्टीच.

नव्या कवळीला कोटिंग करायचं की नाही, यावर काका आणि मी थोडे भांडलो. त्यांना चमक आवडली होती. "अहो, भजनी मंडळात सगळे म्हणायचे, दात काय चमकतात!" दात नव्हे, हिरडी चमकत होती, पण ते असो. हातात कंप असलेल्या, नीट घासू न शकणाऱ्या माणसाला मी सगळ्या बाहेरच्या बाजूला थर दिला असता, दर सहा महिन्यांनी तपासायच्या अटीवर. काकांचे हात ठणठणीत आहेत, उलट जरा जास्तच. त्यांच्या ब्रशपुढे रुंद सपाट भागावरचा थर पुन्हा झिजणार. चांगलं पॉलिश झिजलं तर दवाखान्यात दहा मिनिटांत परत करता येतं. अर्धवट झिजलेला थर आधी काढावा लागतो.

म्हणून टाळू आणि भिंती चाकावर पॉलिश केल्या. दोन दातांमधल्या खाचा आणि दातांच्या मानेजवळची कोरीव हिरडी, जिथे कुठलंच चाक पोचत नाही, तिथे तेवढं कोटिंग. या वेळी आमच्या लॅबने साबणाने धुऊन, पूर्ण सुकवून, बारीक ॲल्युमिनाचा हलका फवारा मारून, मोनोमरने ओलं करून मग एकच पातळ हात दिला आणि पेटीत पक्का केला. ब्रश एका दिशेने. मागे-पुढे घोळवला की बुडबुडे अडकतात.

सहा महिन्यांनंतरच्या तपासणीत टाळू स्वच्छ होता. रंग लावून पाहिला तर दातांमधल्या खाचा जवळजवळ कोऱ्या. पुढच्या दोन दातांच्या मानेशी थर निस्तेज झाला आहे, पण कड उचललेली नाही. टाळूच्या पॉलिशवर पुन्हा ओरखडे दिसले. विचारल्यावर कळलं की मंजन गेलं, पण कडक ब्रश न्हाणीघरात अजून आहे. तो सूनबाईंनी ताब्यात घेतला. आतल्या बाजूला, मागच्या कोपऱ्यात रंग राहिला होता, तिथल्यासाठी लहान डोक्याचा ब्रश दिला. जुनी जोडलेली कवळी त्यांनी अडीअडचणीला ठेवली आहे, पाण्याच्या डब्यात. तिच्या पट्टीवरचा थर अजून तसाच आहे.